डाव्या मडगार्डवरचा एरियल

मित्रांनो, नागपूरच्या गांधीबागेत गोटा-किनारीच्या एका दुकानासमोर खाकी रंगाची जीप उभी असते. तिच्या डाव्या मडगार्डवर जो चकचकीत... नाही, चकचकीत म्हणवत नाही आता. जो थोडा वाकलेला, थोडा पिवळट पडलेला एरियल दिसतो, तो मी. मी जुना झालो आहे हे मला मान्य आहे. पण शेजारी दुसरा कुणी उभा राहिला की मी आणखीच जुना दिसतो, आणि हे मात्र मला मुळीच मान्य नाही. खरे म्हणजे माझी गोष्ट या दुसऱ्याचीच आहे. तरी ती मीच सांगणार, कारण त्याला बोलायची संधी आधीच फार मिळते.

माझा जन्म कारखान्यात झाला. कोणत्या, ते विचारू नका. पितळेच्या बारीक नळ्यांवर चकाकीचे पाणी चढवायचे, त्या एकात एक बसवायच्या आणि खोक्यात भरायच्या, यापलीकडे मला तिथले काही आठवत नाही. नीट आठवते ते जरीपटक्यातले चंद्रभानचे दुकान. तिथे भिंतीवर हॉर्न, आरसे आणि सीटच्या कव्हरांच्या मधोमध मी लटकत होतो. चंद्रभान तेव्हा नुकताच धंद्याला लागलेला होता आणि गिऱ्हाईक आले की हातापेक्षा तोंड जास्त चालवत असे. ती सवय त्याची अजूनही गेलेली नाही.

एके दिवशी दादाजी आणि त्यांची बायको देवकी ही जीप घेऊन तिथे आले. दोघे गोट्याचे व्यापारी. साडीच्या काठाला, ओढणीला, नवरीच्या शालूला लावायची जी चमचमती पट्टी असते ना, तो गोटा. आठवड्याच्या बाजारांना गठडी घेऊन ते गावोगाव फिरत. देवकीने आल्या आल्या सांगितले, "त्या बांगड्यावाल्याच्या गाडीत गाणे वाजते. सारे लोक त्याच्याचकडे जाऊन राहिले. मलेही रेडिओ पायजे." म्हणजे बघा, माझी नेमणूकसुद्धा हेव्यातूनच झाली. त्यामुळे हेवा ही वाईट गोष्ट आहे असे कुणी मला शिकवायला येऊ नये.

चंद्रभानने डाव्या मडगार्डवर खडूने खूण केली आणि ड्रिल लावले. पत्र्याला भोक पडले तेव्हा दादाजींनी डोळे मिटून घेतले. मग त्याने भोकाभोवतीचा रंग खालून खरवडायला सुरुवात केली, तसे ते ओरडलेच.

"अबे, नवा रंग हाय थो! काहून खरवडून राहिला?"

"रंग नाई काढला तं अर्थिंग कुठून भेटन, काकाजी? पत्र्याले पत्रा लागला पायजे. नाई तं नुसती खरखर आयकत बसा."

दादाजींनी कपाळाला हात लावला, पण चंद्रभानचे खरे होते. माझे बूड उघड्या पत्र्यावर टेकले, वरून नट कसला गेला, आणि माझी वायर इंजिनामागच्या पत्र्यातून रबराच्या कडीत घालून आत रेडिओपर्यंत नेली. मग देवकीने पुढच्या सीटवर बसून बटण फिरवले. एकदम गाणे लागले. ती इतकी मोठ्याने हसली की शेजारच्या पंक्चरवाल्याने वळून पाहिले. ते हसणे माझ्यामुळे होते. त्या दिवशी मी जगातला सगळ्यात उंच एरियल होतो.

त्यानंतरची वर्षे माझी. बाजारात जीप उभी राहिली की देवकी खाली उतरून माझ्या नळ्या एकेक करून वर ओढत असे आणि रेडिओ लावत असे. मग काय विचारता! क्रिकेटचा सामना असला की जीपभोवती ही गर्दी. कापसाचे भाव लागले की शेतकरी बोलणे अर्धे सोडून कान देत. बायका गाणे ऐकायला थांबत आणि थांबल्या की गोटा घेतल्याशिवाय हलत नसत. बांगड्यावाल्याचे तोंड एवढेसे झाले. हवेतून जे जे जात होते ते मी पकडत होतो आणि ज्यांना हवे त्यांना देत होतो. मला बोलता येत नव्हते, पण त्याची मला कधी खंत वाटली नाही. कारण तोपर्यंत बोलणारा एरियल मी पाहिलेला नव्हता.

दादाजी थकले आणि दुकानाच्या गादीवर बसू लागले. त्यांचा मुलगा दुर्गेश मोठा झाला, त्याचे लग्न झाले, आणि जीप त्याच्या हाती आली. दुर्गेशला बाजाराची आवड नाही. त्याला आवड आहे ती रस्ता सोडायची. त्याचा चुलतभाऊ विक्की आणि आणखी काही मंडळी मिळून यांनी एक क्लब काढला आहे. चांगला डांबरी रस्ता सोडून नाल्यात, दगडात आणि चिखलात गाडी घालायची, ती तिथे रुतवायची, आणि मग ती बाहेर काढण्यात सुट्टीचा दिवस घालवायचा, असे त्या क्लबचे काम. आपापली हौस. माझे त्याबद्दल काही म्हणणे नाही. एवढेच की झुडपात अडकतो म्हणून दुर्गेश मला पार खाली दाबून ठेवू लागला. महिने महिने मी माझ्याच पोटात राहू लागलो.

एक दिवस विक्कीने आपल्या गाडीवर सीबी बसवून घेतला. मित्रांनो, सीबी म्हणजे असा रेडिओ की ज्याच्यावर एका गाडीतला माणूस दुसऱ्या गाडीतल्या माणसाशी बोलू शकतो. मोबाइलला टॉवर नसला तरी चालते. त्याला एरियल लागतो तो असा लांबलचक, माणसाहून उंच, पोलादी सळीचा, खाली स्प्रिंग असलेला. गाडी चालू लागली की तो डुलतो. विक्कीच्या गाडीवर तो डुलायला लागला आणि क्लबची सगळी मंडळी त्याच्याभोवती जमली. दुर्गेश त्या दिवशी घरी आला तो न जेवताच झोपला. पुढच्याच सुट्टीला जीप जरीपटक्यात उभी होती.

चंद्रभानचे दुकान आता मोठे झाले आहे, पोटही. त्याने लांबट डब्यातून तो एरियल काढला. मी त्याला तेव्हाच नाव देऊन टाकले, लंबू. चंद्रभानने त्याला हातावर आडवे धरून असे दाखवले, जसे नवरीला दागिने दाखवतात.

"ह्याले डाव्या मडगार्डची जागा सगळ्यात बरी," तो म्हणाला. "भोक तयार हाय, पत्रा उघडा हाय, वायर सरळ आत जाते. हा जुना काढून फेकून दे गा. आजकाल रेडिओ कोण आयकते?"

मित्रांनो, ज्या हातांनी मला बसवले त्याच हातांचे बोट माझ्याकडे दाखवून तो हे बोलला. माझ्या अंगाची लाही लाही झाली. वर्षानुवर्षे ऊन सोसले, नाले सोसले, गुरांनी अंग घासलेले सोसले, आणि निकाल काय, तर फेकून दे!

दुर्गेशने घड्याळात पाहिले. "आज टाइम नाई, चंद्रभानभाऊ. उद्या पारशिवनीकडं जायचं हाय. आज बंपरवर लावून दे. पुढच्या रविवारी येतो, मंग जुना काढू."

तर असा मला पुढच्या रविवारपर्यंतचा मुक्काम मिळाला. लंबूला उजव्या बाजूला बंपरवर पट्टी ठोकून बसवले. त्याचे लाड तर विचारू नका. रंग खरवडला, तेव्हा कुणी हूं की चूं केले नाही. जाड काळी वायर आली. मग एक लहानसे मीटर आणून चंद्रभान त्याच्या काट्याकडे बघत बसला. लंबूची सळी केसभर वर घे, केसभर खाली घे, पुन्हा काटा बघ. माझ्यासाठी कधी कुणी काटा बघितला नव्हता. शेवटी काटा हिरव्या पट्ट्यात आला तेव्हा चंद्रभानने ते मीटर सेटवरच बसवून टाकले आणि घाम पुसला.

"आता ह्याले हात नको लावू. तार, लोखंड, काईच ह्याले टेकू देऊ नको. काटा लालमध्ये गेला ना, तं तुहं बोलणं इथल्या इथंच राहीन. पुढं जाणारच नाई."

दुर्गेशने मान हलवली, पण त्याचे लक्ष बोलण्याकडे नव्हते. तो मोबाइलवर लंबूचे चित्र विक्कीला पाठवत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायची गडबड होती. देवकीची बहीण अंजनाबाई पारशिवनीच्या पुढे एका खेड्यात राहते. तिच्या नातीचे लग्न होते, म्हणून शालूला लावायचा गोटा भरलेली मोठी गठडी जीपमध्ये मागे ठेवली होती. दुर्गेश आईला तिथे सोडणार आणि मग नदीच्या पात्रात क्लबच्या मंडळींना जाऊन मिळणार, असे ठरले होते. मागे गठडीने जागा खाल्ली म्हणून दुर्गेशची बायको भूमिका विक्कीच्या गाडीत बसली. तिला नदीकडची वाट ठाऊक होती, तिचे माहेर त्याच बाजूचे.

निघताना देवकी पूजेचे ताट घेऊन आली. बोनेटला कुंकू लावले, नारळ फोडला, आणि मग तिची नजर लंबूकडे गेली.

"बाप्पा, केवढा उंच हाय! ह्याले तं नजरच लागन."

एवढे म्हणून तिने गठडीतून गोटा काढला. असा तसा नाही. आजकालच्या प्लॅस्टिकच्या पट्टीला ती हात लावत नाही. तांब्याच्या केसाएवढ्या तारेवर चांदीचे पाणी दिलेला अस्सल जुना गोटा. तो तिने लंबूच्या बुडापासून वरपर्यंत गुंडाळला, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्याचे टोक ओढून समोरच्या काचेच्या लोखंडी बोल्टला पक्के बांधले. उन्हात लंबू नवरदेवासारखा झळकू लागला.

आणि मी? इतकी वर्षे मी तिला गाणी दिली. मला कधी साधा काळा दोरासुद्धा नाही. मला नजर लागेल असे या बाईला कधी वाटलेच नाही! काल आलेल्या सळीला चांदीचा गोटा, आणि मी तिथेच दोन हातांवर खाली दबलेला. पोटात असे दुखले की काय सांगू. चंद्रभानचे कालचे बोलणे मला आठवत होते. तार टेकू देऊ नको म्हणाला होता, आणि इथे तर तार अंगभर होती. पण मला बोलता येत नाही, आणि त्या घडीला बोलता आले असते तरी मी तोंड उघडले नसते.

दोन्ही गाड्या निघाल्या. विक्कीची गाडी पुढे, आमची मागे. गाड्या जवळ होत्या तोवर लंबूचे चालले. पेट्रोलपंपावरून निघालो तेव्हा विक्कीचा आवाज आला, "दुर्गेश, आयकू येते का बे?" दुर्गेशने माइक तोंडाशी धरून असे उत्तर दिले की जणू चंद्रावरून बोलतो आहे. मग वाटेभर यांचे तेच चालले. समोर म्हैस आहे, हे सीबीवर. म्हैस गेली, हेही सीबीवर. देवकी मध्येच म्हणाली, "अरे, म्हशीले मीबी पाहून राहिली." पण तिच्याकडे लक्ष कोण देतो.

पारशिवनी सोडल्यावर विक्कीची गाडी नदीकडच्या कच्च्या वाटेला वळली आणि आम्ही अंजनाबाईच्या गावाकडे निघालो. थोडे अंतर पडले आणि सीबी गप्प झाला. दुर्गेशने दोनतीनदा हाका मारल्या. उत्तर नाही.

"विक्कीनं सेट बंद केला असन," तो म्हणाला. "त्याले स्वतःची बॅटरी वाचवायची सवयच हाय."

मला खरे कारण माहीत होते. मी आनंदात होतो. लंबू गोट्यात नटून थाटून डुलत होता आणि मुका झाला होता.

देवकी खरखर ऐकून कंटाळली. "बंद कर नं थो डबा. मले गाणे आयकायचे हायेत. थांबव गाडी."

गाडी थांबली. देवकी खाली उतरली आणि माझ्याकडे आली. कितीतरी महिन्यांनी तिचा हात लागला. मधली नळी धुळीने अडकली होती, ती तिने पदराने पुसली आणि नेटाने ओढली. मी पूर्ण वर आलो. रेडिओ लागला, गाणे लागले, आणि देवकी सीटवर मांडी घालून बसली. लंबूने तिकडून बघितले की नाही, माहीत नाही. बघितले असावे.

गाणे अर्ध्यावर थांबले. निवेदक सांगू लागला, "वरच्या डोंगरात अवकाळी पाऊस झाला आहे. धरणातून नदीच्या पात्रात पाणी सोडायला सुरुवात झाली आहे. काठच्या गावांतल्या लोकांनी पात्रात उतरू नये, गुरे उतरवू नयेत." त्याने गावांची नावे घेतली. त्यात भूमिकेच्या माहेरच्या गावाचे नाव होते. विक्कीची गाडी नेमकी तिथेच पात्रात उतरणार होती.

दुर्गेशने करकचून ब्रेक दाबला. त्याने मोबाइल काढला. टॉवर नव्हता. सीबीचा माइक उचलला. "विक्की! विक्की, आयकून राहिला का? भूमिका!" नुसती खरखर. पुन्हा ओरडला. पुन्हा खरखर. नदीकडे वळायचे तर पारशिवनीपर्यंत मागे जाऊन कच्ची वाट धरायची. तेवढ्या वेळात पाणी कुठल्या कुठे पोचले असते.

त्याने सेटवर मूठ मारली, आणि तेव्हा त्याला सेटवरचा काटा दिसला. तो लाल पट्ट्यात होता. आता चंद्रभानचे शब्द त्याला आठवले असावेत, कारण त्याने काचेतून लंबूकडे पाहिले. लंबू ऊन खात चमकत होता. चांदीचा गोटा बुडापासून वर, आणि तिथून तिरपा खाली लोखंडी बोल्टला.

तो खाली उतरला आणि लंबूजवळ जाऊन थांबला. हात पुढे गेला आणि तसाच राहिला.

"काय झालं गा?" देवकी मागोमाग आली.

"आई, हा गोटा... ह्याची तार लागून राहिली. म्हणून बोलणं जाऊन नाई राहिलं."

"मंग काढ ना! पाहून काय राहिला?"

"तू नजरेसाठी बांधला नं. पूजेचा हाय."

"माही सून पाण्यात हाय, अन् तू मले नजरेचं काय सांगून राहिला!"

तिने त्याला बाजूला लोटले. पण मित्रांनो, ती गाठ गोटावाल्यांची होती. गठडी बैलगाडीवरून पडली तरी सुटू नये अशी गाठ मारायची हाताची सवय. बोटांनी ती सुटेना. नखे तुटली, तरी सुटेना. शेवटी देवकीने बोल्टला तोंड लावले आणि दातांनी ती गाठ तोडली. ओठातून रक्त आले. मग दोघांनी मिळून लंबूच्या अंगावरचा गोटा भराभर उलटा सोडवला, आणि देवकीने तो गोळा करून समोर जे सापडले त्यावर फेकला.

समोर मी होतो. जो गोटा मला हवा होता तो असा माझ्या अंगावर येऊन पडला, खुंटीवर टॉवेल टाकतात तसा. पण त्या घडीला मला त्याचे काही वाटले नाही. त्या गावाचे नाव मीच हवेतून धरले होते. मला ऐकू आले होते आणि मला सांगता येत नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा मी लंबूकडे बघून मनात म्हणत होतो, बोल रे बाबा, बोल एकदाचा.

दुर्गेशने माइक दाबला. काटा हिरव्यात होता.

"विक्की! भूमिका!"

खरखर झाली आणि मग भूमिकेचा आवाज आला, अगदी निवांत. "कुठी होते तुम्ही? आम्ही केव्हाचे इथं येऊन बसलो. चहा ठेवला हाय."

"चहा सोड! धरणाचं पाणी सुटलं. गाडी वर घ्या. आत्ता! सामान राहू द्या, तुम्ही वर निघा!"

पलीकडे एक ओरडा झाला आणि मग काहीच ऐकू येईना. देवकी रस्त्याच्या कडेला दगडावर बसली. तिने हात जोडले नाहीत, देवाचे नावही घेतले नाही. ती नुसती लंबूच्या टोकाकडे बघत राहिली. मला वाईट वाटले, पण त्या वेळी मीही तिकडेच बघत होतो.

बऱ्याच वेळाने विक्कीचा आवाज आला. त्याला धाप लागली होती. "वर आलो बे. सारे वर आलो. मोठीमायले सांग, भूमिका चांगली हाय. पण पाणी पाय बे, पाणी कसं येऊन राहिलं..."

दुर्गेश स्टिअरिंगवर डोके ठेवून लहान पोरासारखा रडला. देवकीने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने ओठ पुसला. आम्ही नदीकाठी पोचलो तेव्हा पात्रात दगड दिसत नव्हते. भूमिकेने आणलेला स्टोव्ह आणि चहाचे पातेले कुठल्या कुठे गेले होते. ती काठावर उभी होती. पुढे होऊन तिने सासूला मिठी मारली. माझ्या अंगावरचा गोटा संध्याकाळी अंजनाबाईकडे गेला आणि तिच्या नातीच्या शालूला लागला. असो.

आता पुढचे ऐका, कारण माझे दुखणे इथून खरे सुरू होते. नागपुरात परत आल्यावर क्लबच्या मंडळींनी लंबूचा सत्कार केला. हो, सत्कार! झेंडूचा हार घातला. सगळीकडे एकच चर्चा, सीबीने जीव वाचवले. दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दुर्गेश हाताने अंतर दाखवून गोष्ट सांगायचा, आणि ती नेहमी एकाच जागी सुरू व्हायची: "मी सीबीवर ओरडलो..." त्याच्या आधी काय झाले होते ते त्याच्या गोष्टीतून गळून गेले होते. तो खोटे बोलत नव्हता. विसरला होता, आणि तेच मला जास्त लागत होते. लंबू मात्र हार घालून गप्प उभा. एकदाही म्हणाला नाही की अरे, मला कुणी सांगितले ते तरी विचारा.

आणि रविवार आला. चंद्रभान पाना घेऊन स्वतः दुकानापुढे हजर झाला. एवढी मोठी बातमी झालेला एरियल त्यानेच बसवला होता, त्यामुळे तो हवेतच होता. "आता ह्या वीराले त्याची खरी जागा देऊ," म्हणून त्याने माझ्या नटाला पाना लावला. पहिला आटा सैल झाला. माझे बूड पत्र्यावरून सुटले. मित्रांनो, ते सुटणे कसे असते ते मी सांगू शकत नाही. रेडिओ चालू नव्हता, तरी एकदम सगळे शांत झाल्यासारखे वाटले.

भूमिका चहाचे कप घेऊन बाहेर आली. दुर्गेश चंद्रभानला तीच गोष्ट पुन्हा सांगत होता. ती ऐकता ऐकता भूमिका थांबली.

"मले एक सांगा," ती म्हणाली. "पाणी सुटलं हे तुम्हाले कसं समजलं?"

"कसं म्हणजे?"

"मोबाइल तं लागून नव्हता राहिला. सीबी बंद होता. मंग तुम्हाले कोणं सांगतलं?"

दुकानाच्या पायरीवर बसून देवकी गोट्याचे रीळ गुंडाळत होती. तिने वर न पाहताच सांगितले, "रेडिओनं सांगतलं वं. मी गाणे लावले होते."

भूमिकेने कप बोनेटवर ठेवले. ती माझ्याजवळ आली आणि तिने मला मुठीत धरले. पडू नये म्हणून धरतात तसे.

"आन् ह्यालेच तुम्ही काढून राहिले?"

चंद्रभानने पाना खाली घेतला, तोही तोंड न चालवता. ही गोष्ट मी पहिल्यांदा पाहिली. मग दुर्गेश खाली बघून म्हणाला, "भाऊ, नट कसून दे."

नट कसला गेला. चंद्रभानने जरा जास्तच कसला, पण मी तक्रार केली नाही. लंबूला जीपच्या मागच्या बंपरवर नेऊन बसवले. दोघांना एकमेकांपासून दूर ठेवलेले बरे, असे चंद्रभान म्हणाला, आणि त्या माणसाचे एवढे एकच बोलणे मला मनापासून पटले.

आता मी पुढे आहे आणि तो मागे. तुम्हाला वाटेल, झाले, याचे जळणे थांबले. कशाचे थांबते! सकाळी आम्ही रामटेककडे निघालो की ऊन बाजूने येते, आणि रस्त्यावर त्याची सावली माझ्या सावलीच्या चौपट लांब पडते. त्याच्याशी लोक बोलतात. माझ्याशी कुणी बोलत नाही, कारण मी उत्तर देत नाही. परवा एक लहान मुलगी आईला म्हणाली, "ते मागचं मोठं कायचं हाय?" आईने सांगितले. पुढचे लहान कशाचे आहे, हे तिने विचारलेच नाही.

मित्रांनो, माझ्यासारखे ऐकणारे तुमच्याही घरी कुणीतरी असेल. ते फार बोलत नाही, म्हणून त्याचा नट सैल करू नका. माझ्या नळ्यांना कधीमधी तेलाचा एक थेंब लावा. गाडी धुताना मला धरून लोंबकळू नका. पाणी बुडात साचले तर पुसा, कारण तिथेच गंज धरतो. आणि गांधीबागेत आलात, जीप आवडली, तिच्याजवळ उभे राहून फोटो काढावासा वाटला, तर जरूर काढा. फक्त थोडे डावीकडे सरका, म्हणजे मी त्यात येईन. लंबूलाही घ्या. पूर्ण नाही मावला तरी चालेल.